बोलावणं काशीच्या दारात

मु. खारबाव, ता. भिवंडी
मंगळवार, ६ मे २०२५

भावनाबाय,

हळद लागायच्या आधीच आजीचे आशीर्वाद घेऊन ठेव, नंतर गर्दीत कोणाचे कुठले ते कळत नाही. मी बरी आहे. शेळी माझ्याहून बरी आहे. लोणचं घातलंय. तुझ्या सासरची बरणी वेगळी काढलीय, पण माणसं कशी निघतात ते बघूनच पाठवीन.

अक्षर बघून घाबरू नकोस, आजी काही शाळेत गेलेली नाही. हे धम्मदिना लिहितेय. तुझ्या वर्गात होती ती, बुद्धवाड्यातली. मी बोलते, ती लिहिते, आणि मधेच पेन उचलून विचारते, "आजी, हे असंच लिहू?" असंच लिही म्हटलं. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' करते, तेवढं मी चालवून घेते.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू रडतेस. तू रडलीस की मी विरघळते, आणि मग जे बोलायचं ते राहतं. कागदाला रडता येत नाही.

घशासाठी तू मध आणि ज्येष्ठमध पाठवलंस, पोचलं. मध झकास होता, भाकरीला लावून संपवला. ज्येष्ठमध शेळीनं खाल्लं. तिचा आवाज आता इतका सुटलाय की आळीला झोप नाही.

आता खरं सांगते. माझ्या घशाला काही झालेलं नाही.

आईचा घसा बसलाय, म्हणून ती लग्नात धवल्यांची गाणी गाणार नाही, असं तुझ्या बापानं तुमच्या काल्हेरभर सांगितलं. तुझ्या सासरीही सांगितलं. त्याला लाज राखायची होती, म्हणून मीही गप्प बसले. पण ते खोटं तुझ्यापर्यंत मधाच्या बाटलीसारखं गोड होऊन पोचलं, तेव्हा मला राहवेना.

मुळातून सांगते. धामणकर नाक्यावर एक शेजार प्रतिष्ठान आहे. लूमवाले, दुकानदार, दोन-चार डॉक्टर-मास्तर, सगळे भिवंडीतलेच. ते पैसा जमवून आळ्या-मोहल्ल्यांची कामं करतात. धम्मदिना त्यांच्यात नोकरीला आहे. त्यांची माणसं पहिल्यांदा आळीत आली तेव्हा मला वाटलं इलेक्शन आलं. पण त्यांनी हात जोडले नाहीत, साड्या वाटल्या नाहीत. "तुम्हाला काय हवं?" एवढं विचारलं आणि गप्प बसले. पँट घातलेली माणसं बायकांपुढे गप्प बसलेली मी या जन्मात बघेन असं वाटलं नव्हतं.

आळीतला केसरीनाथ म्हणाला, देवळाला रंग द्या. बायका म्हणाल्या, रंगाचं नंतर, आधी पाणी काढा. का म्हणाल्या ते तुला ठाऊक आहे. तुझ्या बापानं टेम्पो लावायला आळीच्या तोंडाशी भराव टाकला, भिंत घातली. आधी पाणी तिथूनच वहाळात जायचं. आता ते भिंतीला थडकून मागं वळतं आणि काशीच्या घरात शिरतं. तिचं घर सगळ्यात खाली. गेल्या साली भरदुपारी शिरलं. गोदामात मालाची थप्पी अंगावर कोसळल्यापासून तिच्या नवऱ्याला, दामूला, कमरेखाली काही हलवता येत नाही. आम्ही बायकांनी त्याला खाटेसकट उचलून शाळेत नेला. पाणी मांडीला लागत होतं. दामू हसून म्हणाला, "काकी, माजी वरात काढली तुमी!" आम्ही हसलो. काशी हसली नाही.

तर काम ठरलं गटाराचं. पाइप, मशीन, मिस्त्री प्रतिष्ठानचा. माती उपसायची, पाइप उतरवायचे, बुजवायचे आळीनं. आणि त्यांची एक रीत आहे. पाइप ज्या दारांवरून जाणार, त्या प्रत्येक घराच्या कर्त्यानं आपल्या उंबऱ्यात उभं राहून सगळ्यांदेखत 'हो' म्हणायचं. एक घर जरी नाही म्हणालं, तरी काम दुसऱ्या आळीला जातं. मला ही रीत आवडली. सभेत मान कोणीही हलवतं, आपल्या उंबऱ्यात खोटं बोलायला जड जातं.

पहिला 'हो' बुद्धवाड्यानं म्हटला. मग आमची आळी. धम्मदिना पुढं, आम्ही मागं, अशी दारोदार गेलो. शेवटी तुझ्या बापाच्या फाटकाशी आलो. तो त्या दिवशी मांडववाल्याला जागा दाखवायला आला होता. पाइप त्याच्या अंगणातून जाणार, फाटकाजवळची भिंत तेवढी फोडायची.

"लग्न होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग बघू."

धम्मदिना म्हणाली, "दादा, मशीन पावसाआधी एकदाच मिळतंय. शुक्रवारपर्यंत सांगावं लागेल."

"मुलीच्या मांडवात खड्डा खणू? व्याही काय म्हणतील? तुमचं दान तुमच्याकडे ठेवा. आळीचं गटार मी माझ्या पैशानं बांधून देईन."

केसरीनाथ मागून बोलला, "दोन पावसाळं झालं, तू बांधूनच देतंस."

कोणीतरी हसलं. तुझ्या बापाचे कान लाल झाले. लहानपणीही असेच व्हायचे, आणि ते झाले की तो ऐकणं बंद करायचा. मी काशीकडे बघितलं. ती पदर तोंडाशी धरून नुसती भिंतीकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून गेलं, "भूपेश, ही भिंत उभी असंल त्या अंगणात माजा धवला व्हनार न्हाय."

धम्मदिनाला हे कळायला वेळ लागला. त्यांच्याकडे वंदना म्हणून लग्न लागतं, त्यांना धवलारीण लागत नाही. मी तिला सांगितलं, आमच्यात देवांना बोलावते ती धवलारीण, नवरीच्या घरादाराची नावं घेऊन गाते ती धवलारीण, ती गायल्याशिवाय हळद म्हणजे नुसतं पिवळं अंग. या गावातल्या किती पोरी मी गाऊन सासरी धाडल्या त्याचा हिशेब नाही. आणि आता उरली तू.

बोलले तेव्हा वाटलं, मी मुलाला बोलतेय. घरी येऊन चुलीपाशी बसले, लाकूड आत सारलं, तेव्हा कळलं, मी तुला बोलले.

दुसऱ्या दिवशी तो आला, पायरीवरच उभा राहिला.

"आये, चारचौघांत माझं नाक कापलंस."

"तुझं नाक माझ्यावर गेलंय. लांब आहे, थोडं कापलं तरी पुरेल."

"मस्करी नको. पोरीचं काय? मी मोबाईलवर धवले लावीन, मोठा स्पीकर आणीन."

"लाव की. त्या मोबाईलला विचार, नवरीच्या आत्याचं नाव काय."

तो निघून गेला. तेव्हापासून मी भात घशाखाली ढकलतेय. घसा बसलाय म्हणतात ते तेवढ्यापुरतं खरं.

त्यानं दुसरी धवलारीण शोधली. कानावर गोष्ट गेलेली, त्यामुळे कोणी यायला तयार नाही. धोंडूबाईच्या नातीला आम्ही कशा गाऊ, म्हणाल्या. राहिली एकटी काशी. तिला मीच शिकवलंय, आवाज माझ्याहून स्वच्छ आहे. (हे तिला सांगू नकोस.) काल संध्याकाळी ती आली, दाराला टेकून उभी राहिली.

"काकी, भूपेशदादा मला बोलवंल. जाऊ का?"

"तुला काय वाटतं?"

"भावना माज्या मांडीवर वाढलीय. पन दामू म्हनतो, यंदा पानी आलं तर मला उचलू नका."

मी म्हटलं, "रीतीनं बोलावलं तर जा. पण रीतीनं म्हणजे रीतीनं."

रीत तुला सांगायला नको. धवलारणीला फोनवर बोलवत नाहीत. घरचा कर्ता पुरुष नारळ-विडा घेऊन तिच्या दारात जातो, तिच्या घरात खाली बसतो, तिच्या हातचं पाणी पितो. काशीचं घर एका खोलीचं. बसायला जागा एकच, दामूच्या खाटेशेजारी. त्या खाटेच्या पायांखाली त्यांनी आत्तापासूनच विटा रचून ठेवल्यात.

बुधवार, सकाळ

काल पत्र इथंच थांबलं, धम्मदिनाला शेअर रिक्षा गाठायची होती. आज ती परत आलीय, कारण मधे घडलं ते घडलं.

काल दिवेलागणीला तुझ्या बापाचा ड्रायव्हर सुमित टेम्पो घेऊन काशीच्या दारात. हातात नारळ.

"काकी, शेठने भेजा है. रविवारी हळदीला गायला यायचं."

काशी उंबऱ्यातून हलली नाही. "नारल कुनाचा?"

"शेठचा."

"मंग शेठला पाठव. नारलाला चालता येत न्हाय, त्याला येतं."

सुमित बिचारा नारळ घेऊन माझ्याकडे आला, पाणी प्यायला आणि गेला. तासाभरात तुझ्या बापाचा फोन. "आये, आता काशी मला शिकवणार?"

"तिला मीच शिकवलंय. धवलेही आणि हेही."

मग म्हणाला, "उद्या संध्याकाळी मी स्वतः जातो. मिटवून टाकतो."

बाय, हा आवाज मी ओळखते. 'मिटवून टाकतो' म्हणजे दारात उभ्या उभ्या नारळ द्यायचा, वर एक नोट ठेवायची आणि मान वळवून निघायचं. आत बघायचं नाही. तो दुष्ट नाही, भावना. आत बघितलं तर आपल्याला राहवणार नाही, हे त्याला माहीत आहे, म्हणून तो बघत नाही. त्याला मी ओळखते, मी त्याला नऊ महिने आतून ओळखत होते.

म्हणून तुला सांगते ते ऐक. धम्मदिना हे पत्र आज दुपारी तुझ्या हातात देईल. संध्याकाळी तू बापाबरोबर गाडीत बस. हळदीआधी नवरीनं घराबाहेर पडू नये, असं आई तुला सांगेल. बरोबर सांगेल, ते तिला मीच शिकवलंय. मीच सांगते, मोड. नवरी दारात आली की तिला उभ्यानं परत पाठवत नाहीत, बसवतात, कुंकू लावतात, चहा देतात. तू बसलीस की त्याला बसावं लागेल. तू बोलू नकोस काही. दामू मस्करी करेल, हसायला आलं तर हस. चहा सावकाश पी. काशीचा चहा फार गोड असतो, लवकर संपतही नाही.

काशी भिंतीचा शब्द काढणार नाही. मी तिला बजावलंय, आपण सौदा करायचा नाही. बोलावणं आलं की ती हो म्हणेल. दामूच्या शेजारी मांडी घालून बसल्यावरही माझ्या मुलाला 'लग्नानंतर बघू' म्हणता आलं, तर म्हणू दे. शुक्रवारी मशीन दुसरीकडे जाईल. रविवारी काशी त्याच अंगणात तुला गाईल, मी मागं बायकांत बसेन आणि तोंड उघडणार नाही. मनातसुद्धा नाही, कारण माझं मन मोठ्यानं गातं. आणि भिंत उघडली, तर व्याह्यांना फळी टाकून आत घेऊ, आणि घसा फुटेपर्यंत मीच गाईन.

धम्मदिना विचारतेय, "आजी, त्यांना राग आला आणि लग्नातच भांडण झालं तर?" तिला म्हटलं, ते नको लिहू. मग म्हटलं, लिही. मला तीच भीती आहे. रात्रभर तीच होती. तुझ्या सासरच्यांसमोर काही वेडंवाकडं झालं तर तू माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाहीस, हेही मी धरून चाललेय. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी काही म्हणणार नाही, आणि पोरगी बापाची निघाली असंही म्हणणार नाही. एवढंच, की घशाचं औषध आता पाठवू नकोस.

अंगठा खाली उठवलाय. धम्मदिना म्हणाली, आजीची सही. मी म्हटलं, आज आजीची नको, दुसऱ्या बाईची लिही.

भूपेशची आई,
धोंडूबाई