काचेवरचा चरा

नंदू,

तुझी एक चूक सापडली म्हणून लिहायला बसले. पत्र मात्र टाकणार नाही, माझ्या पणजोबांच्या फोटोंच्या काचांच्या पेटीतच ठेवीन.

त्यांनी काचेवर घेतलेला भीमेतल्या नावेचा फोटो आठवतो? पुण्याला कायमचं जायच्या आदल्या दिवशी तो बघून तू म्हणालास, "जुन्या फोटोत नदी म्हणजे काळ आणि नाव म्हणजे निघालेला जीव. दुर्गे, तूही चल की." मी आले नाही. इथंच सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवली, संसार केला, आणि लई मजेत केला.

काल माझ्या लेकीनं, श्रावणीनं, ती काच कॉम्प्युटरवर मोठी करून दाखवली. आपण ज्याला काचेवरचा चरा समजत होतो, तो दोर निघाला. नाव काठच्या बाभळीला बांधलेली आहे! त्या काळी फोटो उमटायला दहा-पंधरा सेकंद लागायचे, चालती नाव उमटलीच नसती. मला हसू आवरेना.

नावेत एक बाई बसलीय. लुगड्याची चुणी न् चुणी दिसते, चेहरा तेवढा पुसट.

"हलली वाटतं," श्रावणी म्हणाली.

तुझी गाडी सुटली त्या दिवशी मीही स्टेशनात होते. पुस्तकांच्या स्टॉलकडे तोंड करून उभी राहिले होते, आणि एकदाच मान वळवली होती.

आहे तिथंच सुखात असलेली,
दुर्गा