कासारीकाठची कढी

आण्णा,

त्या दिवशीची कढी तुमच्या हातून बिघडली नव्हती. एवढंच सांगायला बसले आहे. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा माझं वय आता बरंच पुढे गेलं आहे, तरी हे सांगायचं म्हटलं की मी पुन्हा सातवीतली मुलगी होते आणि काय आधी सांगावं, काय नंतर, ते सुचत नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला सगळं क्रमानं लागायचं.

संस्थान होतं तोवर तुम्ही मोजणी खात्यात होता. पावसाळा सोडला तर गावोगाव राहुटी ठोकून राहायचं, साखळी घेऊन शेतं मोजायची आणि संध्याकाळी साखळी धरणाऱ्या गड्यांबरोबर तीन दगडांवर काहीतरी शिजवून खायचं. स्वयंपाक तुम्ही त्यांच्याकडूनच शिकलात. संस्थान विलीन झालं आणि तुम्हाला कचेरीत टेबल मिळालं. आईला बरं वाटलं. तुम्ही मात्र "खुर्चीत बसून माणूस आंबतोय" म्हणायचात, आणि म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला तीन दिवस रानात न्यायचं ठरवलंत. त्या काळी आमच्या मंगळवार पेठेत कुणी असं जात नव्हतं. जोतिबाला जायचे, वाडीला जायचे, पण देव नाही, लग्न नाही, नुसतं राहायला म्हणून बायकामुलं घेऊन कोण जातं? शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "घर गळतंय काय गं तुमचं?"

मामा गावाकडून बैलगाडी घेऊन यायचा. पन्हाळ्याच्या पायथ्याला कासारीच्या काठी तुमच्या ओळखीच्या शेतकऱ्याची आमराई होती. तिथं तुमची जुनी राहुटी उभी राहायची. आणि राहुटी उभी राहिली की तुम्ही धोतर वर खोचून आईला म्हणायचात, "आता तीन दिवस तू पावणी. पाय पसरून बस." घरी तुम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं भरून घेत नव्हता. आई अवघडून जायची. "अहो, बघणारे काय म्हणतील?" "बघणारी दोन बैलं हायत फक्त." त्यावर मामा लगेच, "मला धरलं न्हाई न्हवं त्यात, दाजी?" "मोजायचं काम सोडलंय मी आता, पावणं." आई पदर तोंडाला लावून हसते आहे, हे मला आत्ता लिहिताना दिसतं. घरात ती तशी हसलेली मला फारशी आठवत नाही.

तुमचा रानातला स्वयंपाक साधाच असायचा. पण त्याचे नियम होते आणि ते तुम्ही मला एकेक करून शिकवलेत. चुलीला नदीतला धोंडा घ्यायचा नाही, तापला की फुटतो. बांधावरचा कोरडा दगड घ्यायचा. चुलीचं तोंड वाऱ्याकडं. भांड्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी मातीवर धरते आणि भांडं एका हातानं घासून निघतं. पहिल्या संध्याकाळी वांगी निखाऱ्यात टाकून भरीत, तव्यावर मिरच्या आणि लसूण भाजून तांब्याच्या बुडानं रगडलेला खरडा, आणि तुमच्या भाकरी. तुमची भाकरी कधी गोल व्हायची नाही. "ह्यो नकाशा कुठल्या तालुक्याचा, दाजी?" असं मामा प्रत्येक भाकरीला विचारायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी एकाच पातेल्यात तांदूळ, मुगाची डाळ, कांदा, बटाटा, मूठभर शेंगदाणे आणि आईनं उन्हाळ्यात कांडलेली चटणी. विझत्या राखेत रताळी पुरून ठेवायची आणि नदीवर पोहायला जायचं, परत येईपर्यंत ती भाजलेली. आणि संध्याकाळी पिठलं किंवा कढी, शेतकऱ्याच्या घरून ताक कसं येईल त्यावर. मी पुढं संसारात पुष्कळ स्वयंपाक केला. त्या रताळ्यांसारखं काही माझ्या हातून झालं नाही.

असे आपण तीन वर्षं गेलो. तिसऱ्या वर्षी धाकटी पाच वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मला नदीवर भांडी घासायला पाठवलंत. त्यात आपलं मातीचं मडकं होतं. मी ते पाण्यावर तरंगतं का ते बघत होते. तरंगलं, पुढं गेलं, मी धरायला धावले आणि ते खडकावर आपटून फुटलं. खापऱ्या मी झुडपात टाकल्या आणि काही बोलले नाही. तुम्ही मडक्यासाठी रागावला असता असं नाही. पण आदल्याच दिवशी तुम्ही मामाला म्हणाला होता, "ह्या पोरीच्या हातात काय बी द्या, जसंच्या तसं परत येतंय." ते वाक्य मला मोडायचं नव्हतं.

संध्याकाळी ताक भरपूर आलं होतं. तुम्ही कढी केलीत. आलं, लसूण, हिरवी मिरची, थोडं डाळीचं पीठ, वरून जिऱ्याची फोडणी. सगळ्यांनी वाटी तोंडाला लावून प्यायली आणि तरी उरली. तुम्ही म्हणालात, "पोरी, ही मडक्यात ओतून ठेव. कल्हई असली तरी आंबट जिन्नस पितळेत ठेवायचा न्हाई." मी "व्हय" म्हणाले. मडकं तर नव्हतं. राहुटीमागं पाण्याची पितळी कळशी होती. पाण्याची, म्हणून तिला आतून कल्हई नव्हती. मला ते माहीत होतं. एका रात्रीनं काय होतंय, असं मनाशी म्हणून मी कढी त्या कळशीत ओतली आणि वर पान झाकलं. सकाळी सगळे नदीवर होते तेव्हा ती परत पातेल्यात ओतली, कळशी विसळली आणि पातेलं चुलीवर ठेवलं. तुम्ही आलात आणि म्हणालात, "कढी तापायला ठेवलीस? शहाणी हायस."

त्या दिवशी न्याहारीला धाकटीनंच एकटीनं कढीभात खाल्ला. तुमचा आणि मामाचा चहा व्हायचा होता, आईचा उपास होता. तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून ओरडायला लागली, मग ओरडायचीही थांबली आणि मान टाकली. आई तिला मांडीवर घेऊन नुसती हलवते आहे. तुम्ही पातेल्यातली कढी बोटावर घेऊन चाखलीत आणि तुमचा चेहरा उतरला. "कळकलीय," एवढंच म्हणालात, म्हणजे पितळेनं नासलीय. आणि मामा, ज्याचा प्रत्येक शब्द थट्टेचा असायचा, तो मोठ्यानं बोलला, "बाप्या माणसानं चुलीत हात घातल्यावर दुसरं काय हुणार! माझ्या बहिणीचं लेकरू मारता का काय तुम्ही?" आईनं तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि मला वाटतं तुम्हाला तेच जास्त लागलं.

बैलगाडीला फार वेळ लागला असता. शेजारच्या गुऱ्हाळावर गुळाचा ट्रक भरत होता. तुम्ही अनवाणी पळत गेलात, ड्रायव्हरच्या हातापाया पडलात आणि आम्ही गुळाच्या ढेपांवर बसून कोल्हापूरला आलो. धाकटी तुमच्या मांडीवर होती. मी समोर बसले होते. तुम्ही मला एकदाच विचारलंत, "कढी मडक्यात ओतली हुतीस न्हवं?" मी म्हणाले, "व्हय." "मडकं कुठाय?" "सकाळी फुटलं." तुम्ही मान हलवलीत. माझ्यावर तुमचा इतका विश्वास होता की दुसरा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत.

डॉक्टरांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं आणि ती बरी झाली. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण तुम्ही मोजणीतले. आकडा जुळला नाही तर पुन्हा बांधावर जाऊन साखळी ताणून बघायची, ही तुमची सवय. पुढच्या आठवड्यात तुम्ही ते पातेलं घेऊन कल्हईवाल्याकडं गेलात आणि मलाही बरोबर नेलंत. त्यानं पातेलं उन्हात फिरवून बघितलं, आत नख ओढलं. "आण्णा, झकास हाय की कल्हई. ह्या भांड्यानं कुणी आजारी पडत न्हाई, माझ्याकडनं लिहून घ्या." तुम्ही म्हणालात, "मग ताक वाईट असंल?" आणि स्वतःच उत्तर दिलंत, "पण तेच ताक आम्ही सगळ्यांनी आदल्या दिवशी प्यालं." तो भाता ओढत होता. तुम्ही पातेलं परत हातात घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे माझ्याच हातनं कायतरी पडलं त्यात." मी तुमच्या शेजारी उभी होते, आण्णा. तुमच्या कोपराएवढी उंच. एक वाक्य बोलायचं होतं. मी भात्याकडं बघत राहिले.

त्यानंतर राहुटी माळ्यावर गेली. पुढच्या दिवाळीत मामा गाडी घेऊन आला, त्याच्या मनात काही राहिलं नव्हतं, तो म्हणाला, "चला की दाजी, बैलं वाट बघत्यात." तुम्ही म्हणालात, "कचेरीत काम लई हाय." सुट्टी होती, सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही पुन्हा कधी विस्तवापुढं बसला नाहीत. आई आजारी पडली तेव्हासुद्धा शेजारच्या काकूंकडून भाकरी मागवलीत. तुम्ही हळूहळू कचेरीतून येऊन पेपर वाचत बसणारे, कुणाशी फारसं न बोलणारे गृहस्थ झालात, आणि लोक म्हणायचे की वय झालं. पन्नाशीसुद्धा आली नव्हती.

शेवटच्या आजारात एका दुपारी मी तुम्हाला पेज भरवत होते. माझं लग्न ठरलं होतं. तुम्ही चमचा हातानं थांबवलात आणि विचारलंत, "पोरी, त्या कढीत मी आलं किसून घातलं का ठेचून, तुला आठवतंय?" म्हणजे सहा वर्षं तुम्ही ते पहिल्यापासून परत परत करून बघत होता. एकेक जिन्नस, एकेक भांडं. चूक सापडत नव्हती, कारण ती तुमच्याकडं नव्हतीच. मी म्हणाले, "ठेचून." तुम्ही म्हणालात, "मग बरोबर हाय," आणि डोळे मिटलेत. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी स्वतःला समजावलं की आता सांगून त्यांना त्रास कशाला. खरं म्हणजे तुमच्या तोंडून शेवटचं "शहाणी हायस" ऐकायचं राहील, अशी भीती होती.

आणखी एक आहे. हे मी वर गाळलं, म्हणून आता लिहिते. सकाळी कढी परत ओतताना मी बोट बुडवून चाखली होती. जिभेला चरचर लागली. रंगही थोडा हिरवट वाटला. म्हणून तुम्ही मला कढीभात वाढायला लागलात तेव्हा मी "भूक नाही" म्हणाले. मग तुम्ही तो धाकटीपुढं ठेवलात.

धाकटीला आता नातवंडं आहेत. ती इथंच राहते, चालत दहा मिनिटांवर. हा कागद तिच्या हातात द्यावा असं ठरवून मी दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. गेल्या महिन्यात तिच्या नातवाच्या बारशाला सगळे जमलो होतो. जेवताना तिनं ती गोष्ट सांगितली, नेहमी सांगते तशी, हातवारे करून: आमच्या वडिलांना रानात स्वयंपाक करायची हौस, आणि एकदा कढी अशी केली की मी वरच जाणार होते. मुलं हसली, सुना हसल्या. एकीनं मला विचारलं, "खरंच का हो मावशी, एवढा वाईट स्वयंपाक करायचे?"

मी हसले, आण्णा. मान हलवून "व्हय" म्हणाले.