दोन घास खाऊन जा

बाबा, सगळ्यात आधी आला तो आगीचा बंब. पाहुणे त्याच्या मागून. नातीला पाहायला लोक येणार म्हणून मी सकाळपासून ओटा सारवून वाट पाहत होते, तर गल्लीच्या तोंडाशी हे लाल धूड घरघरत येऊन उभं राहिलं. समोरची शेजारीण भरला हंडा तसाच टाकून धावत आली. "काकू, कुठी लागली व आग?" म्हटलं, "आग नाही माय, आमच्या पोट्टीले पाहाले आले." तर कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "पाहाले आले का विझवाले?" सगळी गल्ली हसली. मीही हसले.

मुलगा त्या बंबावर डायवर आहे, एवढं मध्यस्थानं सांगितलं होतं. बंब घेऊनच येईल हे कोण सांगणार? त्याला रजा मिळाली नाही. मलकापुरात बंब एक आणि तो चालवणारा एक. साहेब म्हणाले, पोरगी पाहायची तर गाडी घेऊनच जा, कुठे आहेस तेवढं ऑफिसात सांगून ठेव. मागून टांग्यातून त्याचे आईबाप उतरले. भाजीचा मळा आहे त्यांचा, माणसं साधी. बाप ओशाळून म्हणाला, "आजी, पोरगं आमचं अन् गाडी कमिटीची. दोघं एकमेकाले सोडतच नाहीत." कमिटी म्हणजे नगरपालिका, तुमच्या वेळेसारखंच अजून सगळे तसंच म्हणतात. बाकी पुष्कळ बदललं. वऱ्हाडाचा महाराष्ट्र झाला, आणि त्यानंतर ही गाडी आली.

मी पाहुण्यांना पाणी द्यायचं सोडून आधी गाडी पाहून आले, खोटं काऊन बोलू. तुमच्या कापसाच्या जिनातला हातबंब आठवतो ना? दोन चाकांचा, दांड्याला इकडून दोघं, तिकडून दोघं, वर-खाली वर-खाली, आणि पाण्याची धार एवढीशी. इथे गाडीच्या पोटातच पाण्याची टाकी आहे. इंजनच पाणी फेकतं. टपावर शिडी, बाजूला कॅनव्हासचा पाइप गुंडाळून ठेवलेला, त्याच्या तोंडाचं पितळ असं घासलेलं की मला माझं तोंड दिसलं, आणि पदर नीट करून घ्यावा लागला. तुम्ही असते तर पाहुणे राहिले बाजूला, तुम्ही गाडीखाली शिरले असते.

मुलगा मला पाहताक्षणी आवडला. उंच, सावळा, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात पाहणारा. नागपूरला शिकायला पाठवलं होतं त्याला. तिथे म्हणे एक चित्र दाखवलं, जंगल पेटलंय आणि वरून विमान पाणी ओततंय. माझी सून दाराआडून म्हणाली, "मंग आपल्याकडे काऊन नाही येत ते इमान?" तो म्हणाला, "काकू, आधी विहिरीत पाणी येऊ द्या, मंग इमानाचं पाहू." सगळे खळखळून हसले. मी विचारलं, "बापा, बंबावर माणसं किती?" हसता हसताच म्हणाला, "कागदावर सात, आज तीन, मी अन् बाहेर गाडीपाशी बसलेले ते दोघं. एक सुटीवर, एक आजारी, दोघं पाण्याच्या टाकीवर कामाले लावले." आणि पोह्याचा घास घेतला.

बाबा, तीन हा आकडा ऐकला आणि मला तुमची ती भाकरी आठवली.

मी अकरा वर्षांची आहे. चुलीपुढे बसले आहे आणि तुम्ही तव्यावरून उतरलेली भाकरी माझ्या हातात देता. "वरून गार झाली का?" मी म्हणते, हो. "मंग तोड." मी तोडते आणि वाफेनं बोटं भाजतात. तुम्ही माझी बोटं पाण्यात बुडवून धरता आणि म्हणता, "कापसाची दाबलेली गठाण अशीच असते पोरी. आग विझली म्हणून मालक घरी जाते, आन् आत ती जित्ती राह्यते. उघडून पाह्यल्याबिगर सोडाची नाही. अन् उघडाची ते चार जणांनी. एकानं वरची लोखंडी पट्टी तोडाची, तिघांनी पाणी धराचं." मायनं मला जवळ ओढलं आणि तुमच्यावर ओरडली, लेकराची बोटं जाळून कोणी शिकवते का म्हणून.

जिनातली ती मोठी आग विझून दोन दिवस झाले होते. गठाणी उघडायच्या राहिल्या होत्या. तुमच्यासोबतचे तिघं मालकानं परत गठाणी दाबायच्या प्रेसवर लावले, काम खोळंबलं म्हणून. तुम्ही एकटेच गेले. मी दुपारची भाकर घेऊन फाटकापर्यंत आले होते. तुम्ही पट्टी तोडलेली मी पाहिली. आत वारा शिरला, आणि गठाण जाळाच्या फुलासारखी उघडली. पुढचं मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

म्हणून त्या मुलानं "आज तीन" म्हटल्यावर मला त्याचं हसू दिसेना, जिनाचं फाटक दिसायला लागलं. नात तेवढ्यात चहा घेऊन आली. पोहे तिनंच केले होते. तिच्या सासूनं, म्हणजे होणाऱ्या, पाहा मी आताच सासू म्हणते, शिक्षण विचारलं. ती म्हणाली, सातवी. मुलानं मान वर केली, काही विचारणार होता, तोच गल्लीत सायकलची घंटी आणि कमिटीच्या शिपायाची आरोळी. "चाल बे लवकर! बैलबाजाराच्या मागं कडब्याची गंजी पेटली!"

तो उठला. अर्धी प्लेट खाली ठेवली. आणि मी, बाबा, मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, "पोरीच्या हातचं असं अर्धं टाकून जात नसतात बापा. अपशकुन होते. दोन घास खाऊन जा." त्यानं बापाकडे पाहिलं. बापानं खाली पाहिलं. म्हातारी बाई आग्रह करते, आणि तोही पहिल्या भेटीत, तर आपल्याकडे कोण नाही म्हणतो? तो पुन्हा बसला. भराभर घास कोंबू लागला. मी वरून आणखी वाढले. बाहेर त्याचे दोघं सोबती गाडीवर चढून ओरडत होते, आणि मी म्हणत होते, "चहा तरी घे. एक घोट."

तेव्हा नातीनं पुढे होऊन त्याच्या हातातली प्लेट काढून घेतली. पाहायला आलेल्या लोकांपुढे, मान वर करून. म्हणाली, "जा तुम्ही."

तो गेला. घंटा वाजत वाजत बंब वळणाआड गेला आणि घरात सुनेच्या बांगड्या तेवढ्या वाजत राहिल्या. मुलाची आई पदराशी चाळा करत म्हणाली, "पोरगी धीट आहे." चांगलं म्हणाली की वाईट, कळलं नाही. सून माझ्याकडे पाहत होती, की आता तुम्हीच सावरा. मी काय सावरणार? मी बाहेर ओट्यावर येऊन धूर पाहत बसले. आधी काळा होता, मग पांढरा झाला. पांढरा झाला की पाणी पडलं असं समजायचं, हे तुम्हीच सांगितलं होतं. तरी माझा जीव गठाणीतच.

एकदा जिनात आगीचा भोंगा वाजल्यावर मी तुमच्या धोतराला लोंबकळले होते. तुम्ही कधी हात उचलला नाही माझ्यावर, पण त्या दिवशी एक ठेवून दिली. म्हणाले, "तू मले जेवढा वेळ धरशील ना, तेवढा मी तिथं घाई करून भरून काढीन. अन् घाईत माणूस जळते." परत आल्यावर मला खांद्यावर घेऊन हलवायाकडे नेलं, पेढा घेऊन दिला. पेढ्याची चव गेली. चापट अजून आहे.

दीड-दोन तासांनी बंब परत आला. मुलगा उतरला तो डाव्या हाताला ओलं फडकं गुंडाळून. भुवया करपलेल्या. सोबतीच सांगायला लागला, "गंजी गेली, म्हैस वाचली. आमी पाइप जोडेपरेंत हा थांबलाच नाही. तसाच घुसला अन् दावं कापलं." त्याच्या आईनं रडत विचारलं, "काऊन नाही थांबला रे?" तर तो म्हणाला, "उशीर झालता, आई. दावणीपरेंत आग आलती." एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. मी लोणी आणून त्याच्या हाताला लावायला गेले, तर हात मागे घेत हसून म्हणाला, "आजी, लोणी पोळीले लावा. जळल्यावर नुसतं थंड पाणी. पोहे मात्र लय चांगले होते."

जाताना त्याचा बाप म्हणाला, "आमाले पोरगी पसंत आहे. आमच्या घरात अशीच पाह्यजे होती. तुमचा विचार करून ठेवा, आमी गुरुवारी येतो." मग माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "आजी, असा आग्रह पाह्यला नाही कोणाचा." सगळ्या गल्लीत आता तेच चाललंय, काकूंचा आग्रह, काकूंचा आग्रह. माझा मुलगा, सून, दोघं राजी आहेत. माझ्या हो वर अडलंय.

रात्रीपासून मी नाहीच म्हणायचं ठरवलं होतं. सकाळी नात डोक्याला तेल लावत होती माझ्या. म्हटलं, "पोरी, अशा माणसाच्या घरी रोज जीव टांगणीला. मी फाटकाशी उभी राह्यलेली आहे." तिनं केस विंचरता विंचरता विचारलं, "आजी, काल तू त्याले खाऊ घालत होती का धरून ठेवत होती?" मी तेलाची वाटी पदरानं पुसू लागले. ती म्हणाली, "मले भेव नाही असं नाही. पण मी दार उघडून देईन." आणि वेणी घालून निघून गेली पाणी भरायला, गाणं म्हणत. तिच्या पाठीकडे पाहताना मला इतकं बरं वाटलं, बाबा, आणि इतकी भीतीही वाटली.

तिच्याच वहीचा कागद फाडून दुपारभर हे लिहितेय. माझी शाळा दुसरीपर्यंतच, अक्षर तुम्हाला लागेल न लागेल. टाकायचं तरी कुठल्या पेटीत? तांदळाच्या डब्याखाली ठेवून देईन. हो म्हणणार आहे मी. आग्रह नव्हता तो, हे मात्र त्यांना सांगायचं धाडस माझ्यात नाही, तुम्हालाच सांगितलं. आणि आज देवापुढे बसून मी मागितलं की गुरुवारी बंब बिघडलेला राहू दे. मग कोणाची तरी गंजी आठवली, कोणाची तरी म्हैस आठवली, आणि मागणं परत घ्यायला पुन्हा हात जोडले. नीट परत घेतलं गेलं की नाही, कोण जाणे. पाहुणे गुरुवारी येतो म्हणालेत.