पत्रिकेवरचा एकच फोटो

अंबड,
६ एप्रिल २००२

आमच्या प्रभाचे मामा, श्री. भुजंगराव यांस,

तुमच्या दाजीचा, म्हणजे काकासाहेबाचा, हात जोडून रामराम. तुमचा गुडघा कसा आहे? तुळजावहिनींचा खोकला थांबला का? इकडं सगळे खुशाल. तुमची बहीण उषाही बरी आहे, फक्त माझ्याशी बोलून न्हाई राह्यली. त्याचं कारण पुढं येईलच. पिंपळगावच्या रेणुकामातेला आमचा नमस्कार सांगावा.

पत्रास कारण, आमचा घरचा कॉम्प्युटर. छापखान्यात लग्नपत्रिका मिळते ती सगळ्या तालुक्याची एकच, नावं तेवढी बदललेली. म्हणून मी चारचौघांत बोलून बसलो की प्रभाची पत्रिका घरीच, माझ्या हातानं जुळवीन आणि छापखान्याला तयार देईन. (उषा तेव्हाच म्हणाली, आधी बंद पडलेला पंखा नीट करा. पंखा हा वेगळा विषय आहे.) बोललो म्हणजे बोललो. आता हे यंत्र जालन्यातल्या एका बंद पडलेल्या क्लासमधनं उचललेलं. बटण दाबून आपण अंघोळीला जावं, अंगात सदरा घालून यावं, तेव्हा कुठं पडदा उजळतो. तरी मी त्याला कधी वाईट बोललो न्हाई. म्हातारं जनावर उठायला टाइम घेणारच.

नावं बसली, मुहूर्त बसला. मंग वडीलधाऱ्यांचे फोटो निघाले. आमचे रखमाजीआबा म्हणाले, फेट्यातला टाका. द्वारकाआत्या म्हणाली, चष्म्याचा एक आणि बिनचष्म्याचा एक. (दोन्हींत ती सारखीच रागावलेली दिसते.) जालन्याच्या स्टुडिओवाल्यानं ते फोटो सीडीवर भरून दिले, पण एकेक तोंड भिंतीएवढं. मी पत्रिकेवर ते ओढून अंगठ्याएवढं करायचो, पण दिसायला बारीक झालं तरी आतलं वजन तेवढंच राहतं, हे मला तेव्हा कोण सांगणार? आबा बसले, आत्या चष्म्यासकट बसली, आणि बिनचष्म्याची आत्या येताच डबा करकरायला लागला. लाल दिवा लपलप करायला लागला, पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. बंद करा, चालू करा, पुन्हा अंघोळ. त्या दिवसांत माझ्याइतका स्वच्छ माणूस अख्ख्या अंबडमध्ये न्हवता.

पडद्यावर पाटी यायची की मेमरी कमी आहे. कमी आहे ना, मंग करतो जागा! मी आतलं सामान काढायला लागलो. गाणी पुसली, पत्त्यांचा डाव पुसला, आणि त्याच झपाट्यात उषाच्या हळदीकुंकवाचे फोटोही पुसले गेले. (ते दुसरीकडं कुठंच न्हवते. न बोलण्याचं कारण हे.) आणि एवढं करून यंत्र होतं तसंच. बिलकुल फरक न्हाई.

शेवटी प्रभा माझ्या मागं येऊन उभी राह्यली. म्हणाली, "बाबा, तुम्ही कोठी रिकामी करून राह्यलात. भरलाय तो ओटा."

तिचं म्हणणं असं की ठेवायचं सामान कोठीत राहतं, पण हातातलं काम ओट्यावरच होतं, आणि पाटीवरची ती मेमरी म्हणजे हा ओटा. आपला ओटा वीतभर. त्यावर मावलं न्हाई की यंत्र एक भांडं कोठीत नेऊन ठेवतं, दुसरं घेऊन पळत येतं, ती करकर त्या पळापळीची. मंग तिनं ओट्यावर काय काय आहे ते दाखवलं. मी न उघडता, बटण दाबल्याबरोबर, कुंडलीचा प्रोग्राम, पंचांग, दर तासाला घंटा वाजवणारं घड्याळ आणि पोहणारे मासे, सगळे आपापले येऊन बसलेले. एकेक मीच हौसेनं आणून बसवला होता. सगळ्यांना उठवलं. यंत्र एवढं चपळ झालं की अंघोळीला सवडच राह्यली न्हाई. पण फोटोंचं रडगाणं चालूच. ते बारीक करायचे तर आधी उघडायला पाहिजेत, आणि उघडले की यंत्र पुन्हा थिजतं.

ओटाच वाढवू म्हणून आमचे रेडिओवाले मित्र निजामोद्दीन औरंगाबादहून मेमरीची नवी पट्टी घेऊन आले. खाच जुळंना. त्यांनी उलटी करून पाहिली, मी सुलटी करून पाहिली. ते म्हणाले, "काकासाहेब, ये नये जमाने की है, ये यहाँ नहीं बैठती." पट्टी रुमालात गुंडाळली, आम्ही चहा घेतला. जो तो म्हणायला लागला, आता छापखान्यात देऊन टाका. मी म्हटलं, न्हाई. आहे त्याच ओट्यावर स्वयंपाक होईल. वेलबुट्टी काढली, गणपतीमागची रंगीत प्रभावळ काढली, आबांना काढलं, आत्यालाही काढलं. (आबा म्हणाले, मला पाहायचं असेल तो घरी येईल. आत्या अजून काही म्हणाली न्हाई, आणि तेच जास्त वाईट.) शेवटी एक फोटो राह्यला, आणि यंत्र न कुरकुरता चाललं. पत्रिका छापून आली, गावोगाव गेली. एक सोबत जोडली आहे. लग्नाला यावं हे तिच्यावर छापलेलंच आहे, म्हणून इथं पुन्हा लिहीत न्हाई.

आपला,
काकासाहेब

ता. क. तो एक फोटो तुमचा आहे. दिवाळीत निजामोद्दीननं त्यांच्या दुकानात कॉम्प्युटरचा बारका कॅमेरा तुमच्यावर धरून पाह्यला होता, तो. इतका हलका की यंत्रानं निमूट घेतला. मी म्हटलं, टॉवेल दिला पण टोपी द्यायची राह्यली एवढ्यावरून जो माणूस भाचीच्या साखरपुड्यातनं न जेवता उठून जातो, त्याचा कशाला? प्रभानं माझ्या हातातला माऊस काढून घेतला. म्हणाली, "मामाचाच राहील." हट्ट कोणाचा उचललाय ते तुम्हीच सांगा.

आणखी ता. क. त्या फोटोत तुमचे डोळे मिटलेले आहेत, आणि भोवती पत्रिकेच्या प्रोग्रामातली झेंडूची माळ आपोआप आली, ती काही केल्या निघंना. अंतरवाली सराटीचे कडूबा काल पत्रिका घेऊन आले, टोपी काढून ओसरीत बसले. म्हणाले, "मामा कधी गेले?" मी म्हणालो, "साखरपुड्यातनंच गेले. जेवलेसुद्धा न्हाईत." त्यांनी डोळे पुसले. असे आणखीही येऊन राह्यले आहेत. मी एकालाही खुलासा केलेला न्हाई, आणि करणारही न्हाई. तो तुम्ही स्वतः येऊन करायचा. जाता जाता कडूबांनी हळूच विचारलं, आता पोरीच्या मागं मांडवात कोण उभं राहणार? प्रभा आतून म्हणाली, "मामाच. कसं यायचं ते त्यांचं ते बघतील."

कडूबा तसेच उठले. चहा राह्यला.