दादाचा खरा फोटो

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पन्नास पत्रकं पोचली. गठ्ठा सोडला आणि कपाळाला हात लावला. आपला मधला भाऊ हरवलाय की त्याला बोहल्यावर चढवायचंय? अंगात कोट, भांग चापूनचोपून, गाल गुळगुळीत! इतकी वर्षं फोटो स्टुडिओ चालवून गिऱ्हाइकाला देखणं करायची सवय तुझ्या हाताला लागली, हे मान्य. पण चौसष्ट वर्षांच्या माणसाच्या सुरकुत्या पुसून त्याला शोधतोस कसा? आणि डाव्या भुवईवरचा तो बोटभर व्रण कुठे गेला?

मी जन्मभर वॉर्डात नर्स होते. कोणी बेशुद्ध आला, की आम्ही अंगावरच्या खुणा लिहून घ्यायचो. रूप कोणी लिहीत नसे. मधल्याला हल्ली स्वतःचं नाव आठवत नाही, पत्ता तर दूरच. तो कोणाला सांगणार नाही, लोकांनीच त्याला ओळखायला हवं. आधीच लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही दोन दिवस पोलिसांकडे गेला नाहीत. आज बारा दिवस झाले. झालं ते झालं, उगाळत बसू नकोस.

व्रण दिसेल असा फोटो ताबडतोब पाठव. वहिनीला म्हणावं, दोन घास खाऊन घे. तो मिळणार, आणि मिळाला की आधी माझी बोलणी खाणार.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई


ता. ७ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सगळे अल्बम, पाकिटं, कॉम्प्युटर पालथे घातले. ताई, व्रण असलेला दादाचा फोटो माझ्याकडे एकही नाही. त्याच्या लग्नातला नाही, त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसलेला नाही, मागच्या वर्षीचा नाही. सगळे मीच काढलेले आणि सगळ्यांतून तो व्रण मीच पुसलेला.

का, ते आता सांगूनच टाकतो. दादा झाडावरून पडला असं घरात सगळे धरून चालतात. तो पडला नव्हता. खेळताना रागाच्या भरात मी दगड मारला होता. रक्ताने शर्ट भिजला, तरी त्याने वडिलांपुढे माझं नाव घेतलं नाही. पुढे कधी चेष्टेतही घेतलं नाही. स्टुडिओ काढल्यापासून त्याचा फोटो टचिंगला घेतला, की माझा हात पहिल्यांदा त्या भुवईवर जायचा. तोच माणूस आज माझ्यामुळे ओळखू येत नाही. गावभर दोनशे पत्रकं लावून बसलोय. वहिनी फोनपाशी बसून असतात, मला त्यांच्याकडे बघवत नाही.

पोटात माया ठेव. आत्ता तिची फार गरज आहे.
तुझा,
धाकटा


ता. १० मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

दगड तू मारलास हे मला त्याच दिवशी कळलं होतं. जखम मीच धुतली ना! झाडावरून पडणाऱ्याचे कोपर सोलवटतात. याच्या कोपरावर ओरखडासुद्धा नव्हता. तुम्ही दोघं गप्प, म्हणून मीही गप्प. तेव्हा आता रडगाणं बंद आणि कामाला लाग.

माझ्या नातीने काढलेला फोटो काल फोनवर पाठवलाच आहे. केस विस्कटलेले, दाढी वाढलेली, तोंडात घास आणि व्रण ढळढळीत. त्याला हात लावशील तर याद राख! खाली ठळक अक्षरांत लिही, की उजवा पाय घासत चालतो, नाव विचारलं की नुसता हसतो, घड्याळ दिसलं की कान लावतो. आणि पत्रक भिंतीला चिकटवून परत फिरू नकोस. भिंत कोणाला ओळखत नाही. एकेकाच्या हातात दे, समोर वाचून दाखव.

मी शुक्रवारी येते. तोवर धीर सोडायचा नाही, ही माझी आज्ञा समज.
ताई


ता. १६ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

शुक्रवारी तू आलीस ती वहिनींना आणि दादाला कुशीत घेऊन बसलीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीससुद्धा. तो कसा सापडला ते मला नीट सांगताच आलं नाही, म्हणून लिहितो.

गुरुवारी सकाळी बस स्टँडवर कँटीन चालवणाऱ्या बाईंच्या हातात नवं पत्रक दिलं आणि वाचायला लागलो. घड्याळाच्या ओळीला त्यांनी हातातली किटली खाली ठेवली. म्हणाल्या, गेली कित्येक वर्षं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ एका म्हाताऱ्याने आपणहून चालू करून दिलं. डेपोतला जुना मेकॅनिक असेल समजून त्या रोज त्याला चहा-पाव देत होत्या. मी मागे वळलो. दादा कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता आणि त्याच्या डोक्यावरच्या भिंतीला माझं जुनं पत्रक लावलेलं होतं. दोन आठवडे तो स्वतःच्याच फोटोखाली बसत होता! बाई सांगत होत्या, की तो कोटवाला सापडला का, असं तो रोज काळजीने विचारायचा.

स्टुडिओबाहेर कालपासून पाटी लावली आहे: घरातल्या प्रत्येकाचा, जसा आहे तसा, एक फोटो दरवर्षी मोफत. टचिंग नाही. सोबत खुणांचा कागद भरून घेतो. तोंडं वाकडी करत का होईना, सकाळपासून अकरा कुटुंबं येऊन गेली.

दादाचा फोटोही आज काढला, व्रणासकट. त्याला दाखवला. मग त्या भुवईवर बोट ठेवून, मी काही विचारलं नसताना, त्याने मला समजावून सांगितलं, की लहानपणी तो झाडावरून पडला होता. ताई, स्वतःचं नाव विसरला, पण माझं नाव घ्यायचं नाही हे विसरला नाही.

तो फोटो दर्शनी काचेत लावला आहे.

तुझी बोलणी चालू राहोत,
धाकटा