चाळीस तास कोरडी

४ मार्च, मंगळवार

आली एकदाची! बांधकाम कंपनीची छोटी खोदाई मशीन. मोठ्या मशीनच्या धाकट्या बहिणीसारखी दिसते, म्हणून मी तिला ठेंगणी म्हणायला लागले.

कंपनीचे साहेब स्वतः सोडायला आले होते. म्हणाले, "इंजिन ऑइल गळतंय ताई. कुठून, ते आमच्या दोन माणसांना सापडलं नाही. तुम्ही बंद करा. साइटवर चाळीस तास कोरडी राहिली तर नोकरी तुमची." कंपनीची फिरती मेकॅनिक! गाडी त्यांची, हत्यारं नवी, आणि रोज वेगळी साइट. अठरा वर्षं झाली घरच्या या दुरुस्तीच्या शेडमध्ये. वडिलांच्या, आप्पांच्याच हाताखाली शिकले, पण अजून पाटीवर नाव फक्त आप्पांचं आणि दादाचं. दादाला साधा नट आवळता येत नाही! तो फोन आणि गिऱ्हाइकं सांभाळतो.

दादा हसला. "तू गेलीस की पाने मी धरू का?" मी म्हटलं, धर की, हात काळे झाले तर मरत नाही माणूस. आप्पा दाराजवळच्या खुर्चीत बसून ठेंगणीकडे बघत होते.

५ मार्च

इंजिन धुतलं, पुसलं, सुकवलं. मग वहिनीच्या बाळाची पावडर पळवून सगळीकडे फुंकली. "अगं, पोराला काय लावू आता?" — वहिनी ओरडली. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. पंख्याच्या वाऱ्याने तेल भलतीकडेच उडतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. पावडर मात्र खरं सांगते. पांढऱ्यावर एक काळी रेघ उतरली — चेंबरच्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्याच्या मागच्या कडेवरून. आधीच्या शहाण्यांनी तिथे बाहेरून गोंद थापला होता!

चेंबर उतरवलं, खरवडलं, नवं पॅकिंग बसवलं. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळले, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने. प्रत्येकावर पिवळा पट्टा — अर्धा बोल्टवर, अर्धा चेंबरवर. बोल्ट हलला तर पट्टा तुटतो. ही आप्पांची पद्धत. वर्षभरापासून त्यांचे गुडघे वाकत नाहीत, पण आज खुर्चीतून विचारलंच, "पट्टे मारलेस ना?"

गाडी उद्या सकाळी न्यायला येणार.

८ मार्च, शनिवार

गळली.

साहेबांचा फोन. "ताई, खाली थारोळं झालंय. एकदा समजू शकतो. पुन्हा नको."

जेवले नाही.

९ मार्च, रविवार

ठेंगणी परत आली. खाली शिरले. मागचे चार बोल्ट बोटांनी फिरले! आणि पट्टे अख्खे. एकही तुटलेला नाही. म्हणजे मी न आवळताच पट्टे मारले? इतकी वेंधळी आहे मी? अठरा वर्षांत असं कधी झालं नाही. पुन्हा पॅकिंग बदललं, पुन्हा आवळले, एकेक बोल्ट मोठ्याने मोजला. आप्पा म्हणाले, "होतं असं. मन थाऱ्यावर नसलं की होतं. नसत्या नादाला लागू नये."

११ मार्च

गाडीत चढवण्याआधी सहज चालू करून बघितली. दहा मिनिटांत थेंब!

त्याच वेळी साहेबांचा फोन. "काल तुमच्या भावाचा फोन आला होता." पुढचं मी ऐकलंच नाही, "नंतर बोलते" म्हणून ठेवला. दादा! तो फोन कशाला करतो? काय सांगितलं असेल — तिला जमत नाही म्हणून? शेडची दुसरी किल्ली त्याच्याकडे. मी गेले तर धंदा बसणार त्याचा. सगळं जुळतंय.

गिऱ्हाइकांसमोरच विचारलं. "तू बोल्ट सैल केलेस?" "मी? डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं, केसाने गळा कापलास. नको नको ते बोलले. वहिनी बाळाला घेऊन आत गेली. लहानपणी माझ्या चुकीसाठी मार खाणारा हाच दादा! आज त्याचं तोंड बघवत नव्हतं.

१२ मार्च

टॉर्च घेऊन पुन्हा खाली. आता डोकं शांत होतं. बोल्ट परत सैल, पट्टे परत अख्खे. एका पट्ट्यावर बोट फिरवलं — चिकटला. माझा रंग रविवारचा, तो कधीच वाळला असणार. नखाने कुरतडलं तर खाली माझा पट्टा, पुसलेला. कुणीतरी बोल्ट सैल करून वर नवा पट्टा ओढला होता. सरळ, बारीक, नीटस. दादाला जन्मात जमायचं नाही असा.

आणि कलता. माझे पट्टे उजवीकडे कलतात. हे डावीकडे.

आमच्या घरात डावखुरं एकच माणूस आहे.

अर्धा तास मशीनखालीच पडून राहिले. त्या गुडघ्यांनी ते इथे शिरले कसे? किती दुखलं असेल! आणि तरी शिरले. मला पाडायला.

१३ मार्च

आप्पांना विचारलं. नाकारलं नाही. मग म्हणाले, "तू गेलीस तर मी या खुर्चीत कुणासाठी बसू? दादाचे फोन ऐकायला?" रडले. आप्पांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. "आयुष्यात या एका मशीनपायी तुझं वाकडं केलं गं. एकदाच."

राग आला, कीव आली, परत राग आला.

दादाची माफी मागितली. साहेबांना फोन केला होता तो "माझ्या बहिणीची चूक नसणार, आणखी एक संधी द्या" म्हणायला. आणि मी त्याला काय काय बोलले! तो एवढंच म्हणाला, "चहा टाक."

ठेंगणी दुरुस्त केली आणि माझ्यासमोर गाडीत चढवली.

२० मार्च, गुरुवार

चाळीस तास पूर्ण. कोरडी ठाक! साहेब म्हणाले, "सोमवारपासून या."

घरी सांगितलं तर दादाने बाळाला उचलून नाचवलं. आप्पा हसले, पण ताटातली पोळी तशीच राहिली. आठ दिवसांत निम्मे झालेत. दुपारभर विचार केला. एकदाच चुकले ते, आणि तेही मी हवी म्हणून. बाकी मला जे येतं ते सगळं त्यांनीच दिलं. माफ केलं. उद्या साहेबांना "नाही" म्हणून कळवते. त्यांच्या खुर्चीजवळ बसून तसं सांगितलंही. माझा हात धरून कितीतरी वेळ बसले.

२१ मार्च

फोन केला. "साहेब, मला जमणार नाही."

"याही वेळी? दोन वर्षांपूर्वी बोलावलं तेव्हाही तुमचा नकारच आला होता. वडिलांनी कळवलं होतं, मुलीची इच्छा नाही म्हणून."

मला कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी किती वाजता येऊ, तेवढं विचारून घेतलं.