आमच्या उंचीवर डास नसतात

३ मार्च, सकाळी ७.३०
आजपासून रोज डायरी. रोज म्हणजे रोज. निमित्तही तसंच आहे. संग्रहालयाच्या माहितीपुस्तिकेची नवी आवृत्ती एप्रिलअखेर काढायची. डोंगरावर कोणत्या उंचीला कोणतं झाड, कोणता पक्षी, कोणता किडा, हे सगळं मी बावीस वर्षांपूर्वी स्वतः चढून-उतरून लिहिलंय. बदल काही नाही. मुखपृष्ठ तेवढं हिरवं करावं म्हणतो. पान नऊवरचं वाक्य तर गावाने स्टँडवर पाटी करून लावलंय: ‘या उंचीवर डास आढळत नाही.’ सुटसुटीत वाक्य. अजूनही आवडतं.

संध्याकाळी ६
डाव्या कानाला काहीतरी चावलं. चिलट.

७ मार्च
पुन्हा चिलट. भिंगाखाली धरलं. पंखांवर ठिपके, सोंड लांब, बसलं की बूड वर करतं. उद्धट चिलट. बायकोचं म्हणणं, हा डास आहे. तिला पान नऊ दाखवलं. ती म्हणाली, मला कशाला, त्याला दाखवा.

१२ मार्च
चार दिवस डायरी नाही. कामाचा व्याप.
एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. भिंतीवरच्या नकाशात निळ्या फुलपाखराची टाचणी संग्रहालयाच्या बागेत टोचलेली आहे, पण बागेत एकही दिसलं नाही, अशी तक्रार. मी सांगितलं, येईल. शिपाई मध्येच बोलला की ती फुलपाखरं दोन वर्षांपूर्वीच वर पाण्याच्या टाकीपाशी गेली, आणि आता तिथूनही वर, माथ्यावरच्या टॉवरपाशी दिसतात. खाली त्यांना उकडतं म्हणे. नंतर त्याला आत बोलावून समज दिली. फुलपाखरं गेली तरी टाचणी जागेवर आहे, आणि संग्रहालय टाचण्यांवर चालतं.

१९ मार्च
बायकोने मच्छरदाणी आणली. मला न विचारता. वर धुऊन गॅलरीत वाळत घातली. अख्ख्या गल्लीने पाहिली. ज्याने पान नऊ लिहिलं त्याच्या दोरीवर मच्छरदाणी! तिला शांतपणे समजावलं. तिने शांतपणे ऐकलं नाही.

२० मार्च
मच्छरदाणी दुकानात परत केली. दुकानदार खूश. त्याच्याकडची संपली होती, गिऱ्हाईक दारात उभंच होतं. अफवा किती लवकर पसरते.

२४ मार्च
शास्त्रीय प्रयोग. संध्याकाळी अर्धा तास बाही वर करून ओट्यावर बसलो. निष्कर्ष: चिलटं सतरा, डास शून्य. पुस्तिकेत तळटीप द्यावी का? नको. वाक्याचा डौल जाईल.

२ एप्रिल, दुपारी ४
हुडहुडी. तीन गोधड्या. हवामान गरम होत चाललंय म्हणणाऱ्यांनी आज माझ्या दातांचा आवाज ऐकावा.

४ एप्रिल, दुपारी ४
परत हुडहुडी. मग ताप, मग घाम, मग ठणठणीत. काल काहीच नव्हतं. एक दिवसाआड, चारच्या ठोक्याला. निसर्गाला शिस्त आहे ती अशी.

६ एप्रिल
मेहुणी इथल्या हॉस्पिटलात रक्त तपासते. बायकोने तिला घरी बोलावलं. मी झोपेत होतो तेवढ्यात बोट टोचून गेली. दुपारी चारला मी गोधडीत असताना निकाल: मलेरिया. मी म्हटलं, इथे होत नाही. मग फॉर्ममधल्या ‘प्रवास’ या रकान्यात जानेवारीत खालच्या शहरात जाऊन आल्याचं लिहायला सांगितलं. ती म्हणाली, “भावजी, जानेवारीत तुमचा गुडघा प्लास्टरमध्ये होता. सही मी केली होती त्यावर, फूल काढून.”
रकाना तिने कोरा ठेवला. गोळ्या कडू आहेत.

९ एप्रिल
बायकोला ताप. काल रात्रीपासून. माझ्यासारखा एक दिवसाआड नाही, सलग. सकाळी तिने मला ‘दादा’ म्हटलं. तिचा दादा जाऊन अकरा वर्षं झाली. रिक्षातून हॉस्पिटलात नेलं.

१० एप्रिल
वॉर्डात अकरा पेशंट. नऊ आमच्या गल्लीतले. सगळे खाली जाऊन आले असणार. पोस्टमास्तरांच्या आई सहा वर्षं पलंगावरून उठलेल्या नाहीत, त्यांचं कसं बसवायचं ते बघावं लागेल.
प्रेसमधून फोन: पान नऊ फायनल ना? नंतर सांगतो म्हटलं.
बायको ओळखत नाही.

११ एप्रिल
मेहुणीने रात्री बसू दिलं नाही. मी बसलो की बहीण घाबरते म्हणाली. सकाळी गेलो. पलंगाला हॉस्पिटलची मच्छरदाणी. मी बाहेर, ती आत. हात घालायला जागा सापडेना. नर्सने उचलून दिली.
दुसऱ्याच कुणाकडे बघावं तशी बघत होती.

१२ एप्रिल
शुद्धीवर आली. पाणी मागितलं. मला म्हणाली, “अहो, दाढी करा.” मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.
नंतर बोलणं झालं. ती बोलली, मी ऐकलं. डिस्चार्ज मिळाला की ती थेट माहेरी, खालच्या शहरात जाणार. मी म्हटलं, अगं, तिथे तर डास आहेत. ती म्हणाली, “आहेत ना. पण तिथे सगळे मान्य करतात. म्हणून घरोघर जाळ्या आहेत.”


१८ एप्रिल
बायको गेली. बसमध्ये बसवून दिलं. स्टँडवरच्या पाटीकडे पाहिलं नाही.
संकल्प: तीन दिवसांत सर्व खिडक्यांना जाळ्या. अवघड काय आहे? चौकट, जाळी, खिळे. स्वतः करणार.

२१ एप्रिल
खिडकी एक. खिळे चाळीस, पैकी अंगठ्यावर दोन. जाळी चार बोटं आखूड निघाली. चार बोटांतून चिलटं... डास येतात. लिहिलं एकदाचं.

२३ एप्रिल
सुताराला बोलावलं. जाळी कशासाठी, असं त्याने विचारलंही नाही. मीच आपणहून सांगितलं, डासांसाठी. तो म्हणाला, तुमची गल्ली यंदाच येणार होती. मी विचारलं म्हणजे काय. त्याने वही काढली. खालच्या नाक्यापासून पहिल्या वळणापर्यंतच्या जाळ्या चार वर्षांपूर्वी. शाळेपर्यंत दोन वर्षांपूर्वी. बाजारपेठ गेल्या वर्षी. दर वर्षी काम थोडं थोडं वर सरकतं, म्हणून टाकीपाशी राहणाऱ्यांची पुढच्या वर्षीची मापं त्याने आत्ताच घेऊन ठेवलीत. टॉवरवरच्या वॉचमनलाही विचारून ठेवलंय.
मी म्हटलं, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत? तो म्हणाला, संग्रहालयात तुम्ही असता, तुम्हाला माहीतच असणार.
पान नऊसाठी वही उतरवून घ्यायला मागितली. कामात लागते म्हणाला, देता येणार नाही, पण इथेच बसून लिहून घ्या. ओट्यावर बसून लिहून घेतली. दीड तास लागला. त्याने तोवर माझ्या खिडक्या मोजल्या. सात. यादी मोठी आहे, नंबर तीन आठवड्यांनी.
संध्याकाळी बायकोला फोन केला. जाळ्या बसवतोय असं सांगितलं. कधी बसतील, तिने विचारलं. तीन आठवडे म्हटलं.
ती म्हणाली, मग महिन्याने येते.